विमानाला शिडी, बेल्ट लोडर, ट्रॅक्टर लावताना: रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथं, रुजू होणाऱ्या पोरांसाठी नेमकी माहिती हवी

कडोलीकर
नमस्कार मंडळी. आपल्या भागातली बरीच पोरं आता ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या जमिनीवरच्या कामात, लागायल्यात. कोण बेळगावच्या सांबऱ्याला, कोण हुबळीला, कोण गोव्याच्या मोप्याला. कोर्समध्ये काउंटरवरचं काम भरपूर शिकवतात, खरं विमानाच्या अंगाला शिडी कशी लावायची, बेल्ट लोडर (सामान चढवायच्या पट्ट्याची गाडी) कसा न्यायचा, हे फळ्यावर दोन चित्रं काढून संपवतात. सांबऱ्याच्या नव्या टर्मिनलचं भूमिपूजन १० मार्च २०२४ ला झालं, म्हणजे पुढं गाड्या आणि माणसं दोन्ही वाढणार.

तीन गोष्टी विचारायच्यात. एक, विमान थांबल्यापासून पहिलं उपकरण लागेपर्यंत नेमका क्रम काय? दोन, एटीआर, एम्ब्रेयर आणि ए३२० या विमानांजवळ जाताना फरक काय ठेवायचा? तीन, उपकरण विमानाला जरासं घासलं तर काय करायचं? माझं मत आधीच सांगतो: घासलं की तिथल्या तिथं सांगायचं, रंगाचा ओरखडा असला तरी. ज्यांना काम माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा.

मोपा_नाईटशिफ्ट
कडोलीकर अण्णा, पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

विमान यायच्या आधी स्टँडवर, म्हणजे ते थांबणार त्या जागेवर, एक पायी फेरी. खडे, बॅगेचं तुटलेलं चाक, प्लास्टिकची पट्टी, टॅगचे तुकडे, जे दिसेल ते उचलायचं. सगळी उपकरणं स्टँडभोवतीच्या लाल रेषेच्या बाहेर, ब्रेक लावून. रेषेच्या आत माणूसही नको आणि ट्रॉलीही नको.

विमान थांबलं म्हणून कोणी पुढं व्हायचं नाही. इंजिनं बंद झाली पाहिजेत आणि पाठीवरचा व पोटाखालचा तांबडा बीकन दिवा विझला पाहिजे. मग चोक, म्हणजे चाकं अडवायच्या पाचरी, आधी पुढच्या चाकाला, नंतर मुख्य चाकांना. मार्शलर, म्हणजे विमानाला खुणांनी जागेवर आणणारा, दोन्ही हात डोक्यावर सरळ धरून कांड्या आतल्या बाजूला एकमेकींना टेकवतो. ती ‘चोक बसले’ची खूण. कॉकपिटमधून तिला प्रत्युत्तर आलं पाहिजे. मग रबरी कोन: नाकापुढं, दोन्ही पंखांच्या टोकांना, इंजिनांपुढं, शेपटीला.

आणि उपकरण न्यायच्या आधी एक काम बहुतेक जण टाळतात. जिथं जिथं उपकरण लागणार ती दारं आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा नीट बघून घ्यायचा. आधीचा पोचा असेल तर तो आत्ताच कळवायचा. नंतर ‘हा आमचा नव्हे’ म्हणून कोण ऐकत नाही.

मग गाडी. लाल रेषेवर एकदा पूर्ण थांबून ब्रेक बघायचा. आत शिरल्यावर चालण्याच्या वेगानं, म्हणजे ताशी ५-६ किलोमीटर. विमानापासून ५ मीटरवर दुसऱ्यांदा पूर्ण थांबायचं. नुसता पाय दाबून वेग कमी झाला म्हणजे ब्रेक तपासला असं होत नाही, गाडी उभी राहिली पाहिजे. शेवटचं अंतर गाईडच्या, म्हणजे खाली उभं राहून खुणा करणाऱ्याच्या, हातावर. जागेवर आली की न्यूट्रल, हँडब्रेक, स्टॅबिलायझर (जमिनीला टेकवायचे पाय), आणि उपकरणाच्या चाकालाही चोक.

निघताना सगळं उलट्या क्रमानं. उपकरणं निघाल्यावर पुन्हा विमानाभोवती फेरी.

तिसरं_रेल्वे_गेट
एक शंका. रबराचा कोन ट्रॅक्टरला थोडाच अडवणार आहे? मग त्यांच्यावर एवढा भर कशाला?

मोपा_नाईटशिफ्ट
अडवण्यासाठी ते नाहीतच. पंखाचं टोक ड्रायव्हरच्या डोळ्याच्या वर असतं. केबिनमध्ये बसलेला माणूस जमिनीकडं बघून गाडी हाणतो, डोक्यावर काय आहे ते त्याला दिसत नाही. वर जिथं पंख संपतो ती जागा खाली जमिनीवर दाखवायचं काम कोन करतात. रात्री पावसात तर तेवढाच आधार. म्हणून कोन पंखाच्या टोकाच्या बरोबर खाली किंवा जरा बाहेर, दोन पावलं आत नव्हे. आणि दोन कोनांच्या मधून शॉर्टकट मारायचा नाही.

खानापूरची_वैदेही
चोकबद्दल एक भर. मुख्य चाकांना चोक ठोकून घट्ट बसवू नयेत. तेल आणि सामान भरलं की टायर दबतो, रुंदावतो आणि चोक असा आवळला जातो की निघताना हातोडी शोधावी लागते. चोक चाकाच्या धुरीला समांतर, टायरला हलका लागेल न लागेल असा. तिरपा ठेवलेला चोक जोराच्या वाऱ्यात निसटतो.

एटीआर_बॉनेट
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडच्या छोट्या विमानतळांवर एटीआर ७२ बराच चालतो आणि त्याची एक गोष्ट नवीन माणसाला हमखास फसवते.

मोठ्या विमानांच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं, जमिनीवर वीज आणि हवा त्यातून मिळते. एटीआरला एपीयू नाही. त्याऐवजी उजव्या, म्हणजे २ नंबरच्या इंजिनावर प्रोपेलर ब्रेक आहे. पंखा जागच्या जागी बांधला जातो आणि इंजिन आत चालूच राहतं. याला हॉटेल मोड म्हणतात. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला पंखा स्थिर दिसतो, आणि मागून मात्र जळता धूर बाहेर पडत असतो. उजव्या बाजूनं मागं जाणाऱ्यानं त्या झोतातून जायचं नाही, आणि स्थिर दिसणाऱ्या पंख्याच्या फेऱ्यातूनही जायचं नाही. तो पंखा ३.९३ मीटर व्यासाचा आहे, सहा पाती. ब्रेक ही यंत्राची गोष्ट आहे आणि यंत्रं बिघडतात.

आता डावी बाजू. ए३२० मध्ये माणसं डावीकडून आणि सामान उजवीकडून, अशी सरळ वाटणी आहे. एटीआरमध्ये सामानाचं मोठं दार डावीकडं पुढं, प्रवाशांचं दार डावीकडं मागं, आणि दोघांच्या मधोमध डावा प्रोपेलर. ट्रॉली पुढच्या दाराला न्यायची तर नाकाच्या बाजूनं न्यायची. मागच्या दाराकडून पंखाखालून आडवं यायचं नाही. प्रवाशांची रांगही मागच्या दारातून उतरून विमानापासून बाहेरच्या दिशेला काढायची. कोणीतरी मोबाईलवर बोलत पंख्याकडं वळतोच, म्हणून तिथं एक माणूस फक्त त्यासाठी उभा पाहिजे.

शेपटीखालचा टेल प्रॉप, म्हणजे शेपटीला द्यायचा टेका, विसरू नका. प्रवासी मागून चढतात, सामान पुढून उतरतं. पुढचं रिकामं झालं आणि मागं गर्दी झाली की नाक उचलायला वेळ लागत नाही.

खानापूरची_वैदेही
बॉनेट दादा, मग वरचा ‘बीकन विझला की पुढं व्हा’ हा नियम एटीआरला कसा लागू होतो? इंजिन चालू आणि बीकन बंद, असं होऊ शकतं ना?

एटीआर_बॉनेट
नेमका प्रश्न. हॉटेल मोडमध्ये बीकन कसा ठेवायचा हे कंपनीच्या पद्धतीवर असतं, म्हणून एटीआरजवळ नुसत्या बीकनवर जाऊ नये. दोन्ही पंखे थांबलेले डोळ्यानं बघायचे आणि कप्तानाकडून हेडसेटवर किंवा हाताच्या खुणेनं ‘प्रोप ब्रेक लागला’ हे घ्यायचं. कॉकपिटमध्ये त्याचा दिवा असतो, खाली तो दिसत नाही. उजवी बाजू तरीही गरमच समजायची.

मोपा_नाईटशिफ्ट
मान्य. माझ्या वरच्या पोस्टमध्ये ‘इंजिनं बंद’ असं लिहिलंय ते जेटसाठी वाचा.

जेटमध्येही एक अपवाद आहे आणि तोच जीव घेतो. एपीयू बिघडलेलं विमान आलं की जमिनीवरची वीज, म्हणजे जीपीयू, जोडेपर्यंत एक इंजिन चालू ठेवतात. ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत मॉन्टगोमेरीला एम्ब्रेयर जेट असंच आलं होतं, एपीयू बंद. कामाला लागलेली रॅम्पवरची व्यक्ती चालू इंजिनाजवळ गेली आणि आत ओढली गेली. विमान यायच्या आधी बैठक झाली होती, इंजिन चालू राहणार हे सांगितलं होतं. तरीही झालं. कारण रोजची सवय पायात असते, विमान थांबलं की पाय आपोआप चालू लागतात.

म्हणून असं विमान येणार असेल तर कोन, ट्रॉली, बेल्ट लोडर सगळं लाल रेषेबाहेर थांबवायचं. फक्त जीपीयू आणि जोडणारा माणूस नाकाकडून आत. इंजिन बंद होऊन बीकन विझेपर्यंत बाकी कोणी हलायचं नाही. थंब्स-अप एकाच माणसानं द्यायचा.

शिवबसवनगर_विनायक
मुंबईत १६ डिसेंबर २०१५ ला पुशबॅकच्या, म्हणजे विमान मागं ढकलायच्या, वेळी तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला, ते आठवतं का? त्यामुळे हे फक्त येणाऱ्या विमानाचं नाही, जाणाऱ्याचंही आहे.

मोपा_नाईटशिफ्ट
होय की. आणि जाताना धोका जास्त, कारण सगळे ‘आपलं काम झालं’ म्हणून सैल झालेले असतात.

उद्यमबागचा_फिटर
पुशबॅकचा विषय निघालाय तर टोबारबद्दल, म्हणजे ट्रॅक्टर आणि विमान जोडणाऱ्या दांडीबद्दल, विचारतो. टोबारच्या तोंडाशी शिअर पिन असते. ती तुटली की मागवायला दिवस जातात. आमच्या उद्यमबागेत लेथवर तासाभरात हव्या त्या मापाची पिन निघते, पोलाद ईएन८ घ्या नाहीतर ईएन२४. तीनपट मजबूत करून देऊ. मग बाहेरून कशाला मागवायची?

एटीआर_बॉनेट
फिटर मामा, तुमच्या हातावर विश्वास आहे, खरं ही एक पिन करू नका.

ती घरातल्या फ्यूजसारखी आहे, तिनं तुटायचंच असतं. ट्रॅक्टरनं जास्त ओढलं, किंवा चाक ठरलेल्या कोनापलीकडं वळवलं, तर विमानाच्या पुढच्या गिअरवर, म्हणजे चाकाच्या सांगाड्यावर, ताण जायच्या आधी पिन तुटली पाहिजे. बहुतेक टोबारमध्ये दोन वेगळ्या पिना असतात, एक ढकलण्या-ओढण्याच्या ताणासाठी, एक वळणाच्या ताणासाठी. प्रत्येकीचा धातू, कडकपणा आणि खाचेची खोली विमानाच्या प्रकारानुसार ठरलेली. तुम्ही तीनपट मजबूत दिली की टोबार टिकेल आणि पुढचा गिअर वाकेल. पिनेची किंमत काय आणि गिअरची काय, ते सांगायला नको.

याच कारणानं तुटलेल्या पिनेच्या जागी साधा बोल्ट घालून ‘एवढी फ्लाईट काढूया’ म्हणणं गुन्हा समजावा. टोबारचं तोंडही विमानागणिक वेगळं. ए३२० चा टोबार दुसऱ्या विमानाला बसतोय असं वाटलं तरी लावायचा नाही. पिन तुटली तर पुशबॅक तिथंच थांबतं आणि इंजिनिअर गिअर तपासतो, मगच पुढं.

उद्यमबागचा_फिटर
आता कळलं. खाचेची खोली ठरवून कमी ताकद ठेवायची, म्हणजे उलटंच गणित. बरं, टोबारची बाकीची कामं? चाकं, ओढण्याचा डोळा, पट्ट्या?

एटीआर_बॉनेट
ट्रॉलीचे हूक, डॉलीची चाकं, टोबारच्या डोळ्याची झीज, शिडीच्या रेलिंगचं वेल्डिंग यातली दुरुस्ती करणारी चांगली माणसं प्रत्येक विमानतळाला लागतात. तीही उपकरणाच्या कंपनीनं दिलेल्या मापात आणि नोंद ठेवून. डोळ्याला किती झीज चालते ते मॅन्युअलमध्ये असतं, गेज लावून बघायचं. डोळ्यानं अंदाज करायचा नाही.

पुशबॅकबद्दल अजून दोन. बायपास पिन लावल्याशिवाय टोबार जोडायचा नाही. ती पिन पुढच्या चाकाचं स्टिअरिंग कॉकपिटपासून तोडते. ती नसेल आणि कॉकपिटमध्ये कोणी पेडलला पाय लावला तर टोबार फटकन आडवा फिरतो, शेजारच्या माणसाचा पाय जातो. काम संपल्यावर तीच पिन तांबड्या फितीसकट हात वर करून पायलटला दाखवायची, तेव्हाच तो निघतो. आणि हेडसेटवरच्या माणसानं चालत्या विमानाच्या पुढच्या चाकापासून आणि टोबारपासून किमान ३ मीटर लांब राहायचं. टोबार ओलांडून पलीकडं जायचं तर कधीच नाही.

निपाणीकर
तीनपट मजबूत पिन देणारे आणि ती नको म्हणणारे, दोघंही एकाच धाग्यावर. बेळगाव आहे राव. कुंदा कोण आणतंय?

उद्यमबागचा_फिटर
मीच आणतो. पिन वाचली, गिअर वाचला.

काकती_डोंगर
आपल्याकडच्या हवेचं कोणी लिहिलं नाही अजून. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो तेव्हा पाच मिनिटांत वारा कुठून कुठं जातो. रिकामी डॉली (सामानाची चपटी ओढगाडी), रिकामा कंटेनर, उघड्या अंगाची शिडी, ही सगळी वाऱ्यानं चालणारी उपकरणं. भरलेली ट्रॉली जागची हलत नाही, रिकामी हलते. म्हणून काळं आभाळ दिसलं की:

रिकाम्या डॉलींचे ब्रेक एकेक हातानं बघायचे. दांडी उभी केली की ब्रेक लागणाऱ्या डॉलींमध्ये दांडी अर्धवट राहिली तर ब्रेक लागतच नाही. शिडी विमानाला लागलेली असेल तर सगळे स्टॅबिलायझर जमिनीला टेकलेत का ते बघायचं, एक जरी हवेत असला तर शिडी डुलते आणि दाराच्या चौकटीवर घासते. शिडीची वाऱ्याची मर्यादा तिच्या पाटीवर लिहिलेली असते, ती ओलांडली तर शिडी काढून घ्यायची. कोन उडतात, ते आधी गोळा करायचे, नाहीतर इंजिनात जातात. जास्तीचे चोक लावायचे.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. पाण्यानं ड्रम ओले झाले की पहिला ब्रेक लागत नाही, दुसरा लागतो. लाल रेषेवरचा थांबा त्यासाठीच आहे. जून ते सप्टेंबर हा थांबा कोणी टाळला तर मला राग येतो, स्पष्टच सांगतो. काँक्रीटवर सांडलेलं हायड्रॉलिक तेल पावसात दिसतच नाही.

तिसरं_रेल्वे_गेट
एरोब्रिज आल्यावर हे सगळं सोपं होणार का? शिडीच नको.

मोपा_नाईटशिफ्ट
शिडी जाते, धोका जात नाही. एरोब्रिज म्हणजे कित्येक टनांचं चाकावरचं यंत्र. त्याच्या तोंडाची घडीची छत्री दारावर दाबली जाते आणि दाराच्या आसपासच वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या आणि वाऱ्याचा कोन मोजणारे सेन्सर असतात. ब्रिज चालवणाऱ्यानं दाराकडंच बघायचं असं नाही, त्या छोट्या पात्याकडंही बघायचं.

दुसरं, प्रवासी उतरले, सामान निघालं की विमान वर उचलतं. तेल भरलं, माणसं चढली की खाली बसतं. ब्रिजला ऑटो-लेव्हलर असतो, त्याचं चाक विमानाच्या अंगाला टेकवून ठेवायचं म्हणजे ब्रिजही तसा वर-खाली होतो. तो लावायचा राहिला तर उघडं दार ब्रिजच्या फरशीवर बसतं आणि दाराच्या बिजागऱ्या वाकतात. म्हणून दाराच्या खालच्या कडेत आणि फरशीत जागा सोडायची आणि दाराखाली सेफ्टी शू (दार टेकलं की ब्रिज खाली घेणारा सेन्सर) ठेवायचा. केटरिंगच्या उचललेल्या गाडीलाही हेच लागू, तिच्यात ऑटो-लेव्हलर नसतो, माणसानं लक्ष ठेवायचं.

शिवबसवनगर_विनायक
बातम्यांत येतं ते बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत एक मोटार उभ्या विमानाच्या नाकाखाली शिरली, पुढच्या चाकाला लागता लागता थांबली. मे २०२४ मध्ये पुण्यात दिल्लीला निघालेल्या विमानाची टग ट्रॅक्टरशी धडक झाली. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूत टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ए३२० खाली गेली, टप चेपलं. यातली दोन वाहनं तर विमानाच्या सेवेचं उपकरणच नव्हती. त्यामुळं एअरसाइड परमिट (विमानांच्या भागात गाडी न्यायचा परवाना) असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला हे शिकवायला हवं, फक्त लोडरवाल्यांना नव्हे.

हत्तरगी_एरो
कडोलीकरांचा तिसरा प्रश्न मागं पडलाय, मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी विमानाचे सुटे भाग बनवण्याच्या बाजूचा आहे, रॅम्पचा नाही. पत्र्याच्या बाजूनं सांगतो.

प्रवासी विमानाच्या अंगाचा अॅल्युमिनियमचा पत्रा बऱ्याच जागी एक-दोन मिलिमीटरचाच असतो. उंचावर आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचाला सुमारे ८ पौंडांनी जास्त असतो. प्रत्येक उड्डाणात पत्रा एकदा ताणला जातो, उतरल्यावर सैल होतो. गुळगुळीत पत्रा हे हजारो वेळा सहन करतो. त्यावर एक धारदार ओरखडा किंवा घडी पडली की सगळा ताण त्या रेषेत गोळा होतो आणि तिथून भेग धावते. पोचा मोठा पण गोल असेल तर कधी कधी चालून जातं, लहान पण तीक्ष्ण असेल तर नाही. हे खालून बघून ठरवता येत नाही. खोली मोजावी लागते, मागं फ्रेम किंवा स्ट्रिंगर (पत्र्याचे आतले आधार) आहे का बघावं लागतं.

२६ डिसेंबर २००५ ला सिएटलहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ ला रॅम्पवर सामानाच्या कामातल्या वाहनाची घास लागली होती. ती कळवली गेली नाही. सुमारे २६ हजार फुटांवर पत्रा फाटला, फूटभर लांबीचं भोक पडलं, केबिनचा दाब गेला. विमान सुखरूप परतलं. ज्यानं घासलं त्याला तो ओरखडा किरकोळ वाटला होता.

आता दुसरी बाजू, कार्बन फायबर. ७८७ किंवा ए३५० ही कार्बन फायबरची मोठी विमानं सांबऱ्याला उतरत नाहीत, म्हणून हे आपल्याला लागू नाही असं समजू नका. एटीआर ७२ चा बाहेरचा पंख कार्बन फायबरचा आहे. ए३२० ची शेपूट आणि पोटाखालची आवरणंही कंपोझिट. अॅल्युमिनियमला धक्का बसला की पोचा दिसतो. कंपोझिट आतल्या आत थर सुटून मोकळं होतं आणि वरचा रंगही उडत नाही. इंजिनिअर ठोकून आवाज ऐकतो किंवा अल्ट्रासॉनिकनं बघतो, तेव्हा कळतं. म्हणून ‘काही दिसत नाही, म्हणजे काही झालं नाही’ हे वाक्य रॅम्पवर बोलायचंच नाही.

निपाणीकर
सगळं पटलं. खरं जमिनीवरची गोष्टही बोला. पोरगं कंत्राटावर. घासलं म्हणून सांगितलं की पगार कापतात, दोन महिने ड्युटी देत नाहीत. कोण सांगेल? तुम्ही त्याला शहाणपण शिकवताय, त्याच्या साहेबाला कोण शिकवणार?

कडोलीकर
निपाणीकर, हा प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच हा धागा काढला.

काकती_डोंगर
मी निपाणीकरांशी सहमत नाही. पगार कापला तरी सांगायचंच. वर दीडशे माणसं बसलेली असतात.

खानापूरची_वैदेही
दोन्ही खरं आहे, काका. पोरानं सांगायलाच हवं. पण जो सुपरवायझर सांगणाऱ्याला घरी बसवतो तो पुढची दहा घासणी झाकायला लावतो, आणि त्याची जबाबदारी त्या पोरापेक्षा जास्त आहे. चूक आपणहून सांगितली तर शिक्षा नाही, लपवली तर आहे, हे कंपनीनं लिहून द्यावं. मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे विचारावं: ‘घासलं आणि मी सांगितलं तर तुमची पद्धत काय?’ उत्तरावरून कंपनी कळते.

सांगायचं कसं, तेही लिहिते. उपकरण लागलं की आहे तिथं थांबायचं, मागं घ्यायचं नाही. मागं घेताना ओरखडा लांबतो आणि नेमकं कुठं लागलं तेही जातं. आग किंवा माणूस अडकला असेल तरच हलवायचं. लगेच सुपरवायझर, विमानाचा इंजिनिअर आणि कप्तान यांना सांगायचं. वेळ, विमानाचा नोंदणी क्रमांक, कुठलं दार, उपकरणाचा नंबर लिहून घ्यायचं. ओरखड्यावर फडकं फिरवायचं नाही. इंजिनिअरनं सही करेपर्यंत विमान निघत नाही, आणि उशीर झाला तर तो उशीर कोणाच्या नावावर टाकायचा यावर रॅम्पवर भांडायचं नाही.

हत्तरगी_एरो
वैदेहीताईंनी नेमकं लिहिलं. आयाटानं, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं, २०२२ मध्ये मांडलं होतं की जमिनीवरच्या नुकसानीचा खर्च २०३५ पर्यंत वर्षाला जवळजवळ १० अब्ज डॉलरवर जाऊ शकतो. बेल्ट लोडर, कार्गो लोडर, शिड्या आणि एरोब्रिज एवढ्यांचाच वाटा घटनांमध्ये ४० टक्के. त्यांच्याच हिशेबानं, अंतर मोजून आपोआप वेग कमी करणारी उपकरणं वापरली तर हा खर्च ४२ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. कंत्राट घेणाऱ्यांनी पोराचा पगार कापण्याआधी लोडरवर सेन्सर बसवावा.

कडोलीकर
एकदम सविस्तर झालं, मंडळी. दोन गोष्टी राहिल्यात. बेल्ट लोडर विमानापासून किती लांब ठेवायचा? आणि एम्ब्रेयर १४५ बद्दल कोणी लिहिलं नाही, आपल्याकडं तो बराच येतो.

मोपा_नाईटशिफ्ट
बेल्ट लोडर: पुढचे रबरी बंपर पत्र्याला टेकवायचे नाहीत. सामान उतरलं की विमान वर जातं, टेकलेला बंपर पत्रा ओरबाडतो. थोडी फट ठेवायची, कंपनीच्या पुस्तकात जेवढी दिली असेल तेवढी. बेल्ट खाली ठेवूनच आत यायचं, जागेवर थांबल्यावर वर उचलायचा. निघताना आधी बेल्ट दारातून बाहेर, मग खाली, मग गाडी मागं. बाजूची रेलिंग उभी केल्याशिवाय बेल्टवर माणूस नाही आणि चालत्या बेल्टवर तर नाहीच. सामानाच्या गाडीनं लोडर आणि विमान यांच्या मधून जायचं नाही. मागं डॉली जोडलेल्या असतील तर रिव्हर्स नाही. चुकलं तर सोडवून हातानं फिरवायचं.

तेलाच्या गाडीबद्दलही एक ओळ: तिच्या पुढची वाट कायम मोकळी. काही झालं तर ती सरळ निघून गेली पाहिजे. तेलाच्या नळीपासून आणि पंखातल्या वाफेच्या तोंडापासून किमान ३ मीटरपर्यंत कोणतीही गाडी उभी करायची नाही, काही ठिकाणी ६ मीटर ठेवतात.

एटीआर_बॉनेट
एम्ब्रेयर १४५: दोन्ही इंजिनं शेपटीजवळ, अंगाला चिकटलेली. शिडी त्याच्या पुढच्या दारातच बसवलेली असते, ती उघडताना खाली कोणी उभं राहायचं नाही. सामानाचं दार डावीकडं मागं, इंजिनाच्या तोंडाला लागून. म्हणून सामानवाल्याला सगळ्यात आधी पळत यायची घाई असते आणि याच विमानात ती सगळ्यात जास्त महागात पडते. इंजिन बंद झालं तरी आतला पंखा फिरून थांबेपर्यंत वाट बघायची. ट्रॉली मागच्या बाजूनं शेपटीखालून आणायची नाही, डावीकडून सरळ आणायची आणि तशीच बाहेर न्यायची.

तिसरं_रेल्वे_गेट
खुणांचं काय? आमच्याकडं एका टीममध्ये कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू सगळे असतात. आवाजात ऐकूही येत नाही, कानाला मफ.

काकती_डोंगर
गाईड एकच, हे पहिलं. तो ड्रायव्हरच्या आरशात किंवा थेट डोळ्यांसमोर दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं थांबायचं, खूण असो वा नसो. ‘थांब’ म्हणजे दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे, आणि ती खूण कोणीही द्यावी, झाडूवाल्यानं दिली तरी ड्रायव्हरनं थांबायचं. शिफ्टच्या सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्यांनी एकमेकांना करून दाखवायची.

कडोलीकर
हे सगळं एका पानावर मराठी आणि कन्नडमध्ये करून ठेवतो, पोरं खिशात ठेवतील. क्रम असा लिहू का: फेरी, बीकन, चोक, कोन, दाराची पाहणी, ब्रेक, उपकरण, टेल प्रॉप?

एटीआर_बॉनेट
टेल प्रॉप शेवटी नको, अण्णा. एटीआरला तो चोकनंतर लगेच, प्रवासी किंवा सामान हलायच्या आधी. आणि काढायचा माणूस शिफ्टमध्ये नाव घेऊन ठरवा, काढला की तो कप्तानाला खालून दिसेल अशा जागी उभा राहून दाखवू दे.